भूतानमधील श्रम आणि सम्यक आजीविकेचा प्रश्न

पोटासाठी कोणते काम करावे आणि कोणते टाळावे, हा प्रश्न बौद्ध परंपरेने धर्माच्या आतच ठेवला आहे. आर्य अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग सम्यक आजीविका हे आहे. एकट्या माणसापुरता हा नियम समजायला सोपा आहे. पण एखादा सबंध देश हे तत्त्व कारभाराचा पाया मानू लागला की अडचण सुरू होते, कारण देशातली सगळी कामे कोणाला तरी करावीच लागतात आणि ज्यांना धर्म दूर ठेवायला सांगतो तीही त्यांत येतात. भूतानमध्ये हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ देशात २०१७ च्या जनगणनेनुसार सव्वासात लाखांच्या आसपास लोक होते. २००८ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला देशाचा आध्यात्मिक वारसा म्हटले आहे. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ‘सकल राष्ट्रीय आनंदा’ची कल्पना या राज्यघटनेने राज्याचे ध्येय मानली आहे आणि काम मिळण्याचा हक्क व कामाची न्याय्य परिस्थिती यांसाठी झटणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे.

सम्यक आजीविकेबद्दल मूळ ग्रंथ काय सांगतात हे आधी पाहायला हवे, कारण तत्त्वाचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात उपासकाने पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. ही निषेधाची बाजू झाली. दुसरी बाजू तितकीच ठाम आहे. व्यग्घपज्ज सुत्तात शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा, कारागिरी यांपैकी कोणत्याही कामात दक्ष आणि उद्योगी असणे हे गृहस्थाच्या सुखाचे पहिले साधन मानले आहे. सिगालोवाद सुत्त मालकाला पाच कर्तव्ये लावून देते: नोकराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात काही विशेष केले तर त्याचा वाटा त्यालाही द्यावा, वेळच्या वेळी सुटी द्यावी. कूटदंत सुत्तातला पुरोहित तर थेट राज्यकारभारात शिरतो. चोरी आणि लुटालूट शिक्षेने थांबत नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्या, लोक आपापल्या कामात गुंततील, असा सल्ला तो राजाला देतो. म्हणजे हाताला काम नसणे हा या ग्रंथांच्या दृष्टीने एकट्या माणसाचा दोष ठरत नाही, त्याची जबाबदारी राज्यावर येते. अहिंसा आणि पुरेशी उपजीविका ही एकाच तत्त्वाची दोन अंगे आहेत, आणि भूतानच्या श्रमजीवनात ती अनेकदा एकमेकांशी भांडताना दिसतात.

भूतानमध्ये काम करणाऱ्यांपैकी चाळीस ते पन्नास टक्के लोक अजून शेतीवर आहेत. देशाच्या एकूण उत्पन्नातला शेतीचा वाटा मात्र साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढाच आहे. लागवडीखालची जमीन एकूण भूमीच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेल्या भागात डोंगर, बर्फ आणि अरण्य. जंगल किमान साठ टक्के राखलेच पाहिजे, अशी तरतूद राज्यघटनेतच आहे. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी १९५० च्या दशकात भूदासप्रथा मोडली, जमीनधारणेवर मर्यादा घातली आणि १९६१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली. तोपर्यंत कर बहुतांशी धान्याच्या आणि श्रमाच्या रूपात भरला जाई. पश्चिम आणि मध्य भूतानच्या अनेक खोऱ्यांत जमीन मुलींकडे जाते, त्यामुळे शेतीचा भार आणि अधिकार या दोन्ही गोष्टी बव्हंशी बायकांच्या हातात आहेत.

अहिंसेचा पहिला पेच याच शेतात उभा राहतो. मका कणसावर आला की पूर्व भूतानमधला शेतकरी शेताच्या कडेला बांबूची खोपी उभारतो आणि रात्र रात्र जागतो. शेकोटी पेटती ठेवायची, डबा बडवायचा, आरोळ्या ठोकायच्या, आणि तरीही रानडुकरांचा कळप एका रात्रीत हंगाम उलथून टाकू शकतो. दक्षिणेला हत्तींची भीती, इतरत्र माकडांची. जंगल राखण्याचे पुण्य सगळ्या देशाला मिळते. जागरण मात्र त्या खोपीतल्या माणसाच्या वाट्याला येते. डुक्कर मारणे हे पाप, आणि पीक गेले तर मुलांच्या तोंडचा घास जातो. विद्युत कुंपणांनी अलीकडे काही गावांना श्वास घ्यायला जागा दिली आहे.

या पेचाचे मूळ फार जुने आहे. जमीन खणताना आणि नांगरताना जीव मरतात म्हणून भिक्खूंना जमीन खणण्याची मनाई विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, आहे. भिक्खूचे अन्न मात्र नांगरणाऱ्याच्याच घरून येते. सुत्तनिपातातला कसिभारद्वाज हा शेतकरी ब्राह्मण बुद्धाला तोंडावर सुनावतो, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. बुद्धाचे उत्तर असे, की आपणही नांगरतो. श्रद्धा हे आपले बी आहे आणि पीक अमृताचे आहे. संवाद सुंदर आहे, पण ब्राह्मणाच्या प्रश्नातला व्यवहाराचा भाग त्यातून पुरता मिटत नाही. चीनमध्ये बाइझांग या ध्यानसंप्रदायाच्या गुरूच्या परंपरेने भिक्षूंनाच शेतात उतरवून तो सोडवला. हिमालयातल्या द्रुकपा परंपरेने देणगी आणि राज्याश्रय यांची वाट धरली. सतराव्या शतकात झाबद्रुंग नगवांग नामग्याल यांनी देश एकत्र केला तेव्हापासून मध्यवर्ती भिक्षुसंघ राज्याच्या आधाराने चालत आला आहे.

दुसरा पेच रस्त्यावरचा आहे. १९६० पर्यंत थिंफूहून भारताच्या सीमेपर्यंत जायला मोटारीचा रस्ता नव्हता. भारताच्या सीमा सडक संघटनेच्या दंतक प्रकल्पाने १९६१ पासून तो आणि पुढचे अनेक रस्ते खोदून काढले. दरडी, सुरुंग, थंडी यांत दंतकची हजाराहून अधिक माणसे दगावली. पुढे छुखा, ताला, मांगदेछू ही जलविद्युत केंद्रे उभी राहिली. यांतले ताला एकटेच १०२० मेगावॅटचे आहे. विजेच्या विक्रीतून राज्याला मोठे उत्पन्न मिळते, पण धरण बांधून झाल्यावर ते चालवायला मोजकी माणसे पुरतात. आणि बांधतानाचे अंगमेहनतीचे काम बहुतांशी बंगाल, आसाम, बिहार, झारखंडमधल्या मजुरांनी केले. सीमेवरच्या फुंटशोलिंग शहराच्या दारातून रोज सकाळी सीमेपलीकडच्या जयगावचे मजूर आत येतात आणि संध्याकाळी परततात. कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये ती सीमा बंद झाली तेव्हा देशातली बांधकामे अडून पडली. गवंडी, सुतार, सळई बांधणारे देशातच घडवायचे म्हणून सरकारला ‘बिल्ड भूतान’ नावाची योजना आखावी लागली. सीमा सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा खुली झाली.

यातला विरोध धर्माच्या अभ्यासकाला खुपायला हवा. भूतानच्या परंपरेत ‘झोरिग चुसुम’ या तेरा कला आहेत. चित्रकला, विणकाम, मूर्तिकाम यांच्या बरोबरीने दोझो म्हणजे दगडी बांधकाम आणि शिंगझो म्हणजे सुतारकाम यांचाही त्यांत मान आहे. पुनाखाचा आणि पारोचा जोंग (किल्लेवजा मठ) याच हातांनी उभा केला, आणि तसे काम हे पुण्यकर्म मानले गेले. १९७१ मध्ये थिंफूला या कलांचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तोच दगड सिमेंटच्या इमारतीत रोजंदारीवर रचायचा म्हटला की शिकलेला तरुण मागे हटतो. काम तेच असून त्याचा मान गेला, कारण ते पूजेपासून तुटले आणि मजुरीला जोडले गेले. ई. एफ. शूमाखर या अर्थतज्ज्ञाने ब्रह्मदेशातल्या अनुभवानंतर १९६६ मध्ये ‘बौद्ध अर्थशास्त्र’ या निबंधात काम माणसाच्या क्षमता घडवते आणि त्याला इतरांशी जोडून अहंकारातून सोडवते, असे मांडले होते. भूतानमध्ये हा विचार जोंगच्या भिंतींना लागू पडला, धरणाच्या भिंतीला पडला नाही.

तिसरा पेच ताटातला. भूतानी पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मांसविक्री बंद असते. एरवी मात्र मांस आवडीने खाल्ले जाते, आणि त्यातला मोठा भाग भारतातून येतो; जनावर कापण्याचे काम सीमेपलीकडे होते. मद्याचे तसेच. घरी गाळलेली ‘आरा’ पाहुण्याला दिली जाते, आणि सैनिकांच्या कल्याणासाठी स्थापन झालेली सरकारी संस्थाच व्हिस्की-रम बनवते. याच्या समर्थनासाठी त्रिकोटीपरिशुद्ध मांसाचा नियम पुढे केला जाऊ शकतो: आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, तर ते मांस घ्यायला हरकत नाही. पण जीवक सुत्तातला हा नियम भिक्षापात्रात पडेल ते घेणाऱ्या भिक्खूसाठी आहे. पैसे मोजून मागणी नोंदवणाऱ्या गृहस्थाला किंवा राष्ट्राला त्याची ढाल करता येत नाही. दुसऱ्याच्या हातून करून घेतलेल्या कामाचा दोष अंतर वाढल्याने धुतला जात नाही.

महाराष्ट्राला हा मुद्दा परका वाटू नये. इथे सम्यक आजीविकेचा विचार उलट्या टोकाकडून झाला, म्हणजे ज्यांच्यावर अपवित्र मानलेली कामे लादली गेली त्यांच्या बाजूने. मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचवणे, वेठ करणे आणि बदल्यात वतनाचा तुकडा व बलुते ही महारवतनाची घडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली. एकाचे शुद्ध जगणे दुसऱ्याच्या सक्तीच्या कामावर उभे असेल तर ते शुद्ध मानायचे का, हा प्रश्न त्या चळवळीच्या केंद्रस्थानी होता. भूतानमधला भारतीय मजूर वेठबिगार नाही, तो मजुरीसाठी आपण होऊन येतो. हा फरक मोठा आहे. प्रश्न मात्र त्यालाही लागू आहे.

देशाच्या आतही एक जखम आहे. दक्षिणेच्या उतारांवर संत्री आणि मसाला वेलची पिकवणाऱ्या नेपाळीभाषक ल्होत्शांपा समाजातले सुमारे एक लाख लोक १९९० नंतर देशाबाहेर पडले किंवा घालवले गेले, आणि वर्षानुवर्षे पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहिले. २००७ पासून, छावण्यांत जन्मलेल्या मुलांसह, एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांचे पुनर्वसन झाले, बहुतेकांचे अमेरिकेत. शेतकऱ्याला शेतापासून तोडणे कूटदंत सुत्ताच्या सल्ल्याच्या नेमके विरुद्ध आहे. सकल राष्ट्रीय आनंद मोजणाऱ्या निर्देशांकात ही नोंद कुठे बसत नाही, म्हणून इथे ती करणे भाग आहे.

आता शिकलेल्यांच्या बेकारीकडे. २०२२ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात एकूण बेकारी सहा टक्क्यांच्या आत होती, पण तरुणांमधली २८.६ टक्के होती. शाळा गावोगाव पोचल्या, आईबापांनी मुलांना नांगरापासून सोडवले, आणि पदवीधरांची नजर नागरी सेवा आयोगाच्या परीक्षेवर खिळली. जागा थोड्या, इच्छुक फार. मग हजारो तरुण ऑस्ट्रेलियाला गेले, त्यांतले पुष्कळ पर्थला. शिक्षक आणि परिचारिकाही गेल्या. तिथे ते वृद्धाश्रमात शुश्रूषा करतात, कार्यालये झाडतात, स्वयंपाकघरांत भांडी घासतात. घरी जे काम कमीपणाचे वाटले असते ते तिथे वेतनामुळे आणि अनोळखीपणामुळे करता येते. मागे ‘गुंगतोंग’ उरतात. दार बंद झालेल्या, शेत पडीक पडलेल्या घराला भूतानमध्ये असे म्हणतात.

याच देशाने श्रमाच्या मोजणीत जगाला एक मोलाची गोष्ट दिली आहे, आणि तिचा उल्लेख टीकेच्या ओघात राहून जाऊ नये. सकल राष्ट्रीय आनंदाच्या नऊ क्षेत्रांपैकी एक वेळेचा वापर हे आहे. त्यात पगारी कामाबरोबर स्वयंपाक, मुलांचा सांभाळ, आजाऱ्याची सेवा, गावकीची कामे हे सगळे काम म्हणूनच धरले जाते, आणि दिवसाला आठ तासांहून अधिक काम पडले तर त्या माणसाची वेळेची गरज भागलेली नाही असे मानले जाते. उत्पन्नाच्या नेहमीच्या हिशेबात चुलीपुढचे तास कुठेच दिसत नाहीत. इथे ते दिसतात, आणि म्हणूनच पुरुषांपेक्षा स्त्रिया कमी सुखी आहेत हेही दिसते. सिगालोवाद सुत्तातली ‘झेपेल तेवढेच काम’ आणि ‘वेळच्या वेळी सुटी’ ही दोन कर्तव्ये आधुनिक राज्यांनी इतक्या नेमकेपणाने क्वचितच मोजायला घेतली असतील.

१७ डिसेंबर २०२३ रोजी पाचवे राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी आसामच्या सीमेलगत गेलेफू येथे सजगतेचे शहर वसवण्याची घोषणा केली. तरुणांना देशातच काम मिळावे हा तिचा एक मुख्य हेतू आहे. कूटदंत सुत्तातल्या राजाला मिळालेल्या सल्ल्याशी तो जुळतो. पण शहर बांधायला हजारो हात लागतील, आणि त्यांतले बरेच सीमेपलीकडून येतील. त्यांची मजुरी, निवारा, औषधपाणी आणि सुटी यांचा हिशेब आनंदाच्या मोजणीत धरला गेला, तरच सम्यक आजीविका हे तत्त्व त्या राज्याने पाळले असे म्हणता येईल.