कणकेचा गोळा आणि अन्नाचा मान

मुलांना खेळायला घरीच गोळा करून द्यायचा तर कृती सोपी आहे: दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, चमचाभर तेल, पाणी आणि चिमूटभर खाण्याचा रंग. बाजारातला ‘प्ले-डो’ मुळात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत भिंतीच्या कागदावरची काजळी पुसायचा लगदा होता. १९५६ च्या सुमारास तो खेळणे म्हणून विकला जाऊ लागला. तिथे साफसफाईची वस्तू मुलांच्या हाती आली, आपण मात्र खाण्याचेच पीठ खेळायला देतो. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात हे चालावे का? छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न नुसता पोथीतला नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडी, मिलोवर दिवस काढत होती. त्या पिढीला सांडलेले मूठभर पीठही खुपते, आणि ते योग्यच आहे.

तरीही अन्नाला आकार देणे हा अन्नाचा अपमान नव्हे. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला आपण गूळ घालून कणकेचे दिवे करतो, उकडतो, पेटवतो आणि मग तुपाशी खातो. ‘ती पूजा, हा खेळ’ असे कोणी म्हणेल. पण त्या दिव्याचा मान पूजेइतकाच शेवटच्या घासातही आहे: आकार मोडतो, अन्न पोटात जाते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या एका गोळ्यावरून समजावतो की भांडी अनेक, माती एक. तैत्तिरीयात वरुणाचा मुलगा भृगू तप करून आधी अन्नालाच ब्रह्म जाणतो आणि पायरीपायरीने आनंदापर्यंत पोचतो. दोन्हीकडे शिकवणारा बाप आहे आणि शिकणारा मुलगा. कणकेच्या एकाच गोळ्यात हे दोन्ही धडे सापडतात.

मग मातीच का देऊ नये, हा आक्षेप वजनदार आहे. संभाजीनगरच्याच क्रांती चौकातल्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये अनावरण झाले. असे धातूचे पुतळेही सहसा आधी मातीत घडतात. साचा निघाला की ती माती मोडून पुन्हा भिजवता येते. घडवण्याची कला शिकायची तर माती पुरे, आणि पोळ्याचे बैल तिचेच शोभतात. पण आपण घडवलेले आपल्याच ताटात येते, हे माती शिकवू शकत नाही. म्हणूनच खरी अडचण पिठाची नसून मिठाची आहे. वाटीभर मिठाने गोळा महिनाभर टिकतो खरा, पण तो माणसाच्या कामाचा उरत नाही. ‘उरला तर गाईला घालू’ हेही चालणार नाही. एवढे मीठ जनावरालाही बाधते.

तेव्हा निवाडा असा: खेळ निषिद्ध नाही, फेकणे निषिद्ध आहे. मिठाचा गोळा करायचाच असेल तर एकदाच, थोडा करावा, झाकून ठेवावा आणि पुन्हा पुन्हा मळून वापरावा. त्याहून बरे म्हणजे मुलांचे हात धुऊन रोजच्या कणकेतलाच लिंबाएवढा गोळा त्यांना द्यावा. त्याचा साप होवो की हत्ती, शेवटी तो तव्यावर पडावा आणि ज्याने केला त्यानेच खावा.