हत्यारांच्या पाटावर

खंडेनवमीला आमच्या भट्टीत पाट मांडतो. लाल कापड, त्यावर मूस, सांडशी, तराजू, वजनांचा डबा, टाकणखाराची बरणी. खाली मिंट स्ट्रीटवर हाच दिवस आयुधपूजेचा. दुकानादुकानांतून कुरमुरे-चणे वाटतात, कुंकू भरलेले कोहळे दारापुढे आपटून फोडतात आणि दुपारपर्यंत सगळा रस्ता फोडींनी निसरडा होतो. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. आम्ही गलाईवाले, सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारे. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली. त्यातलं आमचं घर चेन्नईच्या सौकारपेठेत स्थिरावलं. मी लग्न होऊन इथं आले त्याला आता २८ वर्षं झाली.

गेल्या नवमीला मी पाटावर, तराजूशेजारी, थोरलीचा कॅल्क्युलेटर ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "नापास झाल्याली पोर. तिचं हत्यार कशाला पुजतीस गं?"

हा प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसले.

ही रीत माझीच आहे. तिची सुरुवात २०१६ च्या नवमीला झाली. आदल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पावसानं कहर केला, चेंबरमबाक्कम तलावातून पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदी वस्त्यांत शिरली. माझे धाकटे दीर तेव्हा जाफरखानपेटला तळमजल्यावर भाड्यानं राहत होते. शेजारच्या पाटीला (आजीला इथं पाटी म्हणतात) त्यांनी पाठीवर घेतलं आणि अंधारात जिना चढून गच्चीवर नेलं. दोन रात्री सगळी चाळ गच्चीवर होती. घरी आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त एक बॅटरी होती. ती मी जपून ठेवली आणि पुढच्या नवमीला पाटावर मांडली. दीर ओशाळले. म्हणाले, "वहिनी, माझे पाय लटपटत होते. पाटीच मला सांगत होती, पायरी बघ म्हणून."

पुढं दरवर्षी घरातल्या कुणा ना कुणाची वस्तू पाटावर येऊ लागली. एका वर्षी फुटकी मूस आली. त्या मुशीच्या भिंतीला गिऱ्हाइकाचं चार ग्रॅम सोनं चिकटून राहिलं होतं, ते महिन्यानं मूस फोडल्यावर दिसलं. गिऱ्हाइकानं घट मान्य केली होती, हिशेब मिटला होता. ह्यांनी ते सोनं कागदाच्या पुडीत बांधलं आणि त्याच्या दुकानात नेऊन दिलं. आमचा धंदा सगळा विश्वासावर. एक चूक कबूल केली की मागच्या प्रत्येक हिशेबाकडे माणूस संशयानं बघू शकतो. हे पुडी घेऊन जिना उतरले तेव्हा त्यांनाही ते माहीत होतं.

माणसाच्या कर्तृत्वाला देवाच्या पाटावर बसवणं हा अहंकार नाही का, असं मला एका नात्यातल्या माळकरी काकांनी विचारलं होतं. कर्ता करविता तो आहे, आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. म्हणूनच मला ही खंडेनवमी बरी वाटते. आपण मूस पुजतो तेव्हा मुशीला गर्व होत नाही. पाटावर दीर बसत नाहीत, त्यांची बॅटरी बसते. जिच्याकडून काम झालं त्या वस्तूपुढे घरातले सगळे, खुद्द दीरसुद्धा, हात जोडतात. कौतुक होतं आणि कुणाच्या डोक्यात जात नाही.

खरी अडचण आत्याबाईंनी दाखवली, आणि ती फार आधीच दाखवली होती. १९७२ च्या दुष्काळात त्या १६-१७ वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. हातोडी अंगठ्यावर बसली त्याची खूण म्हणून डाव्या अंगठ्याचं नख आजही मधोमध दुभंगूनच उगवतं. भाजी निवडताना देठ त्यात अडकतो आणि त्या तो दातानं ओढून काढतात. मिलोच्या लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, हे सगळं त्यांच्याकडून मी शंभरदा ऐकलंय. एका नवमीला मी म्हटलं, आत्याबाई, यंदा तुमची हातोडी मांडू या, गावाकडून मागवते. तर म्हणाल्या, "त्यात कसला पराक्रम? न्हाय फोडली असती तर खाल्लं असतं काय? दुसरं हुतं का काय करायला?"

ज्याला दुसरी वाटच नव्हती त्याच्या सोसण्याला धैर्य म्हणायचं का? नाही म्हणावं तर जगातल्या निम्म्या गोरगरिबांच्या वाट्याला धैर्य हा शब्दच येणार नाही. हो म्हणावं तर दुष्काळालाच श्रेय दिल्यासारखं होतं. आमच्या लोकांच्या मेळाव्यांत भाषणं होतात तेव्हा हे हमखास ऐकू येतं: दुष्काळ पडला म्हणून आपण बाहेर पडलो, दुष्काळानंच आपल्याला घडवलं, तावून सुलाखून बाहेर काढलं. टाळ्या पडतात. मी कधी वाजवत नाही.

तावून सुलाखून हा शब्द सोनाराच्या पेढीवरचा, आणि तो लोक चुकीच्या अर्थानं वापरतात असं मला भट्टीशेजारी संसार करून वाटतं. तावणं म्हणजे आगीत घालून बघणं. सुलाखणं म्हणजे लगडीला भोक पाडून आत काही वेगळं भरलंय का ते बघणं. दोन्ही परीक्षेची कामं. परीक्षेनं सोनं चांगलं होत नाही, जे आहे तेच दिसतं. नुसत्या आगीनं सोनं वितळतं, १०६४ अंशाला, आणि त्यातलं तांबं-चांदी त्याच्याबरोबरच वितळून तिथंच राहते. शुद्ध करायचं तर आमच्याकडे आधी त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळतात. मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचं. तांबूस धूर उठतो, घसा धरतो, चांदी ॲसिडमध्ये विरघळते आणि तळाला सोनं राहतं, मातीसारखी तपकिरी भुकटी. धुऊन, वाळवून, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की मग पिवळं दिसतं. म्हणजे सोनं शुद्ध व्हायला त्याच्यात आधी दुसऱ्या कुणीतरी मिसळावं लागतं, आणि मिसळून स्वतः विरघळून जावं लागतं. आगीचा मान आगीला, पण ती चांदी कुणी लक्षात ठेवत नाही.

त्या दुष्काळात आत्याबाईंच्या पाठीवर एक धाकटा भाऊ होता. कामावर मिळालेली सुकडी त्या जर्मनच्या थाळीत घेऊन घरी यायच्या आणि निम्मी त्याला द्यायच्या. खडी फोडायला भुकेनं लावलं हे कबूल. निम्मी सुकडी द्यायला कुणी लावलं होतं? भूक तर उलटंच सांगत असणार. तिथं त्यांना दुसरी वाट होती, आणि ती त्यांनी घेतली नाही. मला त्यांच्यातलं पुजण्यासारखं जे दिसतं ते तिथं दिसतं. दुष्काळाचा त्यात काही वाटा नाही.

आई म्हणून विचार करते तेव्हा माझ्यापुढे कुंती उभी राहते. ती दोन वेगळ्या चेहऱ्यांनी भेटते. महाभारतात कृष्णशिष्टाईच्या वेळी ती कृष्णाकरवी मुलांना विदुलेची गोष्ट सांगून पाठवते. विदुलेचा मुलगा संजय सिंधुराजाकडून हरून घरी येऊन पडून राहिलेला असतो. ती त्याला इतकं बोलते, इतकं टोचते की तो उठून पुन्हा लढायला जातो. उद्योगपर्वातल्या त्या आख्यानाला 'जय' असंच नाव आहे. दुसरी कुंती भागवताच्या पहिल्या स्कंधात, युद्ध संपल्यावरची. कृष्ण द्वारकेला निघालाय आणि ती त्याच्याकडे संकटं मागते, कारण संकटात तो हटकून भेटतो. फार मोठं मागणं आहे ते. कीर्तनात ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण मुलांच्या उशाशी बसून ते मागणं मला मागता येत नाही. स्वतःसाठी मागेन एखादे वेळी, पोरांसाठी कधीच नाही.

विदुला मात्र मी होऊन बघितली आहे. धाकटा बोलताना अडखळतो. पाचवीत असताना तमिळ तिरुक्कुरळच्या स्पर्धेत मीच त्याला घातलं. ६३ वा अधिकार पाठ करायचा होता, 'इडुक्कण् अळियामै', संकटात खचून न जाणं. दहा कुरळ. मला तमिळ बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, म्हणून तो वाचायचा, मी देवनागरीत लिहून घ्यायची आणि रोज रात्री म्हणून घ्यायची. अडखळला की टोकायची. स्पर्धेच्या दिवशी चौथ्या कुरळच्या पहिल्याच अक्षरावर तो अडला. ओठ नुसते हलत होते. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मी तिसऱ्या रांगेत साडीचा पदर पिळत बसले होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ते अक्षर आलं. त्यानं आणखी तीन म्हटले, एकूण सहा झाले, आणि नमस्कार करून खाली उतरला. बक्षीस मिळालं नाही. रिक्षात मी त्याला म्हटलं, घाबरलास ना. तो म्हणाला, "हो. उजव्या बाजूला पायऱ्या होत्या, आई. मी बघून ठेवल्या होत्या."

त्या रात्रीपासून मी त्याला टोकणं सोडलं. त्याला वाट दिसत होती आणि तो उभा राहिला, हे मी टोचून झालेलं नव्हतं. माझ्या टोचण्यानं त्याची भीती तेवढी वाढली होती. माझ्या अक्षरातला देवनागरी कागद त्या वर्षी पाटावर ठेवला.

आता थोरलीचं. सीएची शेवटची परीक्षा तिनं पाच वेळा दिली. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते आणि पुढं तिच्यात धृतीही येते. पण अठराव्या अध्यायात त्याच धृतीचे तीन प्रकार केलेत. तिसरी तामसी. झोप, भय, शोक, खेद आणि मद यांना घट्ट धरून ठेवणारी. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. धरून ठेवणं हाही दोष असू शकतो! चौथ्या आणि पाचव्या वेळी माझी मुलगी काय धरून बसली होती? लोक काय म्हणतील ही भीती, आणि ती आम्हीच तिच्या हातात दिलेली. विट्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, पोरगी सीए होणार म्हणून. सहाव्या वेळी फॉर्म भरायची मुदत जवळ आली तेव्हा जेवताना ती म्हणाली, "मी भरणार नाही." ह्यांचा घास हातातच राहिला. ती आमच्याकडे बघत राहिली, मान खाली घातली नाही. पाच वेळा परीक्षेला बसायला लागलं नसेल तेवढं बळ तिला त्या एका वाक्याला लागलं असणार. आता अंबत्तूरला एका कारखान्याचे हिशेब बघते. कॅल्क्युलेटरवरचा पाचाचा आकडा पुसून गेलाय.

आत्याबाईंना मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, तिनं आम्हाला तोंडावर खरं सांगितलं, म्हणून पुजला. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग बरं केलंस."

यंदा पाट मांडायच्या आदल्या रात्री मी त्यांना विचारलं, तुमची ती जर्मनची थाळी उद्या मांडू का? लग्नात त्यांनी ती माहेराहून आणली, तिथून मद्रासला, आणि अजून वापरात आहे. आता काही विचारल्याशिवाय मांडायचं नाही असं मी ठरवलंय. त्या म्हणाल्या, "नगं. रोज लागती ती मला जेवायला."

मी ठेवली नाही. नवमीला दुपारी त्या तिच्यातच जेवल्या.