पाण्याची वेळ आणि माणसाचा वेळ

मुंबईत दिवस कधी सुरू होतो, हे घड्याळापेक्षा त्या त्या भागातील नळावर अधिक अवलंबून असते. महापालिका शहराला दिवसभर अखंड पाणी देत नाही. ते विभागवार, ठरलेल्या काही तासांपुरतेच सोडले जाते, आणि या तासांनाच रोजच्या बोलण्यात ‘पाण्याची वेळ’ म्हणतात. एखाद्या वस्तीत ती पहाटे साडेचारला येते, दुसरीकडे भर दुपारी, तिसरीकडे रात्री अकरा वाजून गेल्यावर. लोकलच्या वेळापत्रकाला मुंबईच्या जीवनाचे माप मानण्याची मराठी लेखनातील पद्धत जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र लोकल पकडणाऱ्याच्या आंघोळीचे पाणी कोणीतरी त्याआधी उठून भरून ठेवलेले असते, आणि भरणाऱ्या त्या व्यक्तीच्या वेळापत्रकाची दखल शहराच्या वर्णनांत क्वचितच घेतली जाते. पाण्याच्या वाटपाची चर्चा नेहमी लिटरच्या हिशेबाने होते. त्या वाटपातील अन्याय मात्र तासांमध्ये दडलेला आहे, आणि हे तास कोणी मोजावेत याचा निकाल बहुतांशी एका साध्या गोष्टीवर लागतो: घराच्या किंवा इमारतीच्या मालकीची टाकी आहे की नाही.

हे पाणी येते कोठून, याची पार्श्वभूमी येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तलावांवर जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही ठिकाणे त्या काळातली, तलाव बुजले तरी नावे राहिली. वाढत्या लोकसंख्येला हे साठे पुरेनासे झाले, तेव्हा साष्टीतील विहार तलाव बांधण्यात आला आणि 1860 च्या सुमारास त्याचे पाणी नळाने शहरात आले. 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा, 1957 मध्ये वैतरणेवरील मोडक सागर आणि पुढे अप्पर वैतरणा, भातसा व 2014 मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज या सात तलावांत मिळून सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर उपयुक्त साठा मावतो आणि त्यातून शहराला दररोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते, त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. वैतरणा आणि तानसा यांचे पाणी मुख्यतः उताराच्या जोरावर भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येते, तर भातसाचे पाणी पिसे येथे उपसून पांजरापूरला शुद्ध केले जाते. पावसाळ्यात या तलावांच्या पातळीचे आकडे वृत्तपत्रे रोज छापतात आणि मुंबईकर ते काळजीने वाचतात, इतके हे दूरचे जलाशय शहराच्या मनात घर करून आहेत.

शुद्ध झालेले पाणी शहरातील टेकड्यांवर आणि उंचवट्यांवर बांधलेल्या सेवा जलाशयांत साठवले जाते. सेवा जलाशय म्हणजे धरण आणि नळ यांच्यामधली मोठी टाकी. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानाखाली अशीच एक आहे, आणि तेथे फिरायला येणाऱ्यांना पायाखाली पाणी असल्याची जाणीव सहसा नसते. प्रत्येक जलाशयातून एकाच वेळी सर्व भागांना पाणी सोडले तर कोठेच पुरेसा दाब राहणार नाही, म्हणून तो भागाभागांत पाळीपाळीने रिकामा केला जातो. ही पाळी प्रत्यक्षात आणतो तो चावीवाला. रस्त्यातील लोखंडी झाकण उचलून, लांब दांड्याची चावी खालच्या झडपेवर बसवून, ठरलेले फेरे मोजत ती फिरवणारा हा महापालिकेचा कर्मचारी एका गल्लीचे पाणी सुरू करतो आणि दुसरीचे बंद करतो. किती फेरे दिल्यावर कोणत्या टोकाला किती जोर पोहोचतो, हे ज्ञान नकाशात पूर्णपणे उतरत नाही. ते त्याच्या हातात आणि अनुभवात असते. शहराच्या कारभारात इतक्या थोड्या लोकांच्या हालचालींवर इतक्या मोठ्या संख्येच्या माणसांची झोप अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

येथून पुढे मुंबईचे दोन भाग पडतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत पाणी प्रथम जमिनीखालील टाकीत उतरते, मग पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि तेथून दिवसभर प्रत्येक घराच्या नळाला मिळते. महापालिकेने दोन-तीन तास दिलेले पाणी या दोन टाक्यांमुळे चोवीस तासांचे होते. पहाटे पाणी आले की पंप सुरू करण्याचे काम सोसायटीचा वॉचमन करतो, आणि त्यामुळे वरच्या मजल्यांवरील रहिवाशाला आपल्या भागाची पाण्याची वेळ कोणती, हे अनेक वर्षे तेथे राहूनही ठाऊक नसते. पाणी येण्याची वेळ आणि पाणी वापरण्याची वेळ यांची ही फारकत हीच शहरी सुखसोयीची गाभ्याची गोष्ट होय. ज्याच्याकडे साठवण आहे त्याने सार्वजनिक पाण्याबरोबर स्वतःचा वेळही राखून ठेवलेला असतो.

टाकी नसलेल्या घरात याच्या उलट घडते. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत मोरी असते, म्हणजे भिंतीलगत कट्टा घालून वेगळा केलेला दोन-तीन हात लांबीचा ओला कोपरा. त्यातच आंघोळ, त्यातच भांडी, आणि त्यातच किंवा त्याच्या शेजारी निळा पिंप. वस्तीतील घरात मोरीही नसेल तर पिंप दारात उभा असतो. पाणी येण्याआधी नळातून काही क्षण हवा येते, सुसाट फुत्कारल्यासारखा आवाज होतो, मग गढूळ थेंब आणि त्यानंतर धार. या आवाजाला जागी होणारी स्त्री आधी कळशी लावत नाही. गढूळपणा जाईपर्यंत पहिली बादली शौचालयासाठी भरते, नंतर पिण्याचे हंडे, मग पिंप, मग उरलेली पातेली आणि डबे. धार करंगळीएवढी असेल तर एक पिंप भरायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ तिथून हलता येत नाही, कारण पाइप दुसऱ्या भांड्यात टाकणारे हात हवे असतात. शेजारच्या घराने मोटर लावली, म्हणजे नळाला परस्पर पंप जोडून पाणी ओढले, तर तीच धार तुटते. मोटर लावणे बेकायदेशीर आहे, परंतु शेवटच्या टोकाच्या वस्तीत कोणीतरी लावतोच, आणि मग तक्रार, भांडण, कधी मारामारी. सार्वजनिक नळावरील रांगेला गावगप्पांची जागा मानून तिचे कौतुक करणारे लेखन भरपूर आहे. त्या रांगेत माणसे एकमेकांच्या सुखदुःखाला धावून येतात हे खरे असले, तरी नंबर चुकल्यामुळे जिचे दिवसभराचे पाणी हुकले तिला हे कौतुक पटण्यासारखे नाही.

हा वेळ कोण देते, हे सांगण्याची फारशी गरज नाही. पण त्याची किंमत मात्र सांगावी लागते. पाण्याची वेळ सकाळी नऊची असेल तर घरातील स्त्रीला आठ वाजता हजर राहावे लागणारे काम पत्करता येत नाही. दुपारची असेल तर मोठ्या मुलीने शाळा लवकर सोडायची किंवा बुडवायची. मध्यरात्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी चार घरची धुणीभांडी अपुऱ्या झोपेवर. वेळ बदलली की घरातील सारी मांडणी पुन्हा नव्याने करावी लागते. या कष्टांचा हिशेब कोणत्याही पाणीपट्टीच्या बिलात येत नाही. मराठी स्त्रियांनी मात्र तो फार पूर्वीच जाहीरपणे मांडला होता. गोरेगावातून सार्वजनिक कामाला सुरुवात करून 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले, ते पाण्यासाठी त्यांनी सातत्याने दिलेल्या लढ्यामुळे. रिकामे हंडे घेऊन कचेरीवर धडकणारा हंडा मोर्चा आजही वॉर्ड कार्यालयाच्या दारात दिसतो. हंडा रिकामा असला तरी तो भरण्यासाठी ताटकळण्याचे तास आधीच खर्ची पडलेले असतात, आणि मोर्च्यातील स्त्रिया खरे तर तेच तास दाखवायला आलेल्या असतात.

वस्त्यांच्या बाबतीत आणखी एक पदर येतो, तो कागदपत्रांचा. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी मुंबईच्या पाण्यावरील आपल्या 2017 च्या ग्रंथात असे दाखवले आहे की, या शहरात नागरिकत्व नळजोडणीतून आणि पाण्याच्या दाबातून थोडेथोडे मिळवावे लागते. जोडणी मिळवण्यासाठी आधी 1 जानेवारी 1995 आणि नंतर 1 जानेवारी 2000 या तारखांपूर्वीचे वास्तव्य सिद्ध करण्याची अट होती. त्यानंतर आलेल्यांना कायदेशीर नळ मिळत नव्हता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पाण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले आणि अशा वस्त्यांसाठी धोरण आखण्यास महापालिकेला सांगितले. 2022 मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आले. दरम्यानच्या वर्षांत जोडणी नसलेली कुटुंबे हातगाडीवरून किंवा सायकलवरून येणारे कॅन विकत घेत राहिली. महापालिकेचा घरगुती दर हजार लिटरमागे सात रुपयांच्याही आत असताना या कुटुंबांनी एकेका कॅनसाठी त्याहून कितीतरी जास्त पैसे मोजले. शिवाय नियोजनाच्या कागदांत इमारतीतील रहिवाशासाठी माणशी 135 लिटर आणि झोपडपट्टीतील रहिवाशासाठी 45 लिटर असा मापदंड दीर्घकाळ राहिला. एकाच शहरातील दोन माणसांची तहान आणि स्वच्छता यांत असा तिप्पट फरक करण्याचे समर्थन कोणत्याही तत्त्वावर करता येत नाही.

ठरावीक तासांच्या पुरवठ्याने पाणी वाचते, असा एक समज आहे आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे. नवे पाणी आले की काल भरलेले ‘शिळे’ ठरवून ओतून देण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि ती उधळपट्टीतून आलेली नसून उद्या पाणी येईल की नाही या अनिश्चिततेतून आलेली आहे: आज भांडी भरून घ्यायची, तर ती आधी रिकामी हवीत. दुसरी बाब आरोग्याची. वाहिनीत दाब असताना गळतीतून पाणी बाहेर जाते. दाब नसताना त्याच फटींतून गटाराचे आणि जमिनीतील पाणी आत ओढले जाते, आणि पुरवठा सुरू होताच पहिल्या धारेबरोबर ते घरात पोहोचते. भांडुपला शुद्ध केलेले पाणी मध्येच दूषित होण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि पहिली बादली पिण्यासाठी न वापरण्यामागे वस्तीतील स्त्रियांचे जे शहाणपण आहे ते याच अनुभवावर उभे आहे.

पाण्याच्या या व्यवस्थेची दुसरी बाजू शहराबाहेर आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवून मुंबईच्या पाण्याविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा हे मुंबईचे मोठे जलाशय आहेत, आणि याच तालुक्यातील अनेक आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथेही पाण्याची वेळ असते, पण ती टँकर येईल तेव्हाची. विहिरीत टँकर रिकामा झाला की बायका दोर आणि हंडे घेऊन कठड्याभोवती उभ्या राहतात. मुंबईतील वस्तीत नळाच्या पाइपभोवती जी धडपड असते तीच येथे विहिरीच्या तोंडाशी, आणि डोईवरून घरापर्यंतचा चढ त्यात अधिकचा.

पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत आलेल्या कुटुंबांना आज प्रथमच टाकीचे पाणी मिळत आहे. त्यांपैकी अनेक घरांच्या न्हाणीघरात निळा पिंप अजूनही भरलेला ठेवलेला असतो. त्याला जुनी सवय म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. लिफ्ट आणि पंप यांचा देखभाल खर्च न परवडल्यामुळे जेथे गच्चीवरील टाकी भरेनाशी होते, तेथे त्या पिंपाचा उपयोग लगेच कळतो. म्हणजे टाकी बांधून देणे ही अर्धीच गोष्ट झाली. ती भरत राहण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवल्याशिवाय वेळेचे ओझे पुन्हा जुन्याच खांद्यांवर परतते.

गेल्या दशकात मुलुंड आणि वांद्रे-खार या भागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग हाती घेण्यात आला, पण शहरभर पाण्याची पाळी कायमच आहे. यापुढील उपाय म्हणून दोन प्रकल्प मांडले जातात: मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, सुरुवातीला दररोज 200 दशलक्ष लिटर क्षमतेचा, आणि तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात गारगाई नदीवर धरण बांधून सुमारे 440 दशलक्ष लिटर मिळवण्याचा. दुसऱ्यात जंगल आणि सहा गावांची जमीन जाणार आहे. या दोन्हींतून मिळणारे पाणी पुन्हा त्याच वाहिन्यांतून, त्याच तासांत आणि टाकी असलेल्या-नसलेल्या त्याच घरांत येणार आहे. गारगाईच्या काठावरील माणसांकडून जमीन मागण्यापूर्वी महापालिकेने वस्त्यांमध्ये सामाईक साठवण टाक्या बांधणे, त्यांचे पंप आणि वीजबिल स्वतःच्या खर्चाने चालवणे आणि टोकाच्या विभागांना रात्रीऐवजी दिवसाची पाळी देणे ही कामे हाती घ्यायला हवीत. त्यांना नवे धरण लागत नाही. वस्तीतील मोकळ्या जागेचा एक तुकडा लागतो, आणि त्या जागेवर वस्तीचा हक्क मान्य करावा लागतो. नेमकी हीच मान्यता देण्याची तयारी आजवर दिसलेली नाही.