दगडू, धोंडू आणि नकुसा

हल्ली बाळाचं नाव ठरतं ते अर्थ पाहून. बारशाच्या आधीपासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर याद्या फिरू लागतात आणि प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलेला असतो. रेयांश म्हणजे म्हणे सूर्याचा अंश. कुठल्या कोशात, ते विचारायचं नसतं. आत्याने कानात कुर्र केलं की तो अर्थ सगळे विसरतात, तेव्हा बिघडत काहीच नाही. पण आपल्याकडे नावांचं एक अख्खं कूळ असं होतं, की त्यांचा कोशातला अर्थ खरा धरला तर आईबाप निर्दय ठरावेत.

दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकिर्डा. आधीची मुलं हाती लागली नाहीत अशा घरांत ही नावं पडत. नवसासायासाने झालेलं पोर क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं किंवा सुपात घालून शेजारणीच्या ओटीत द्यायचं आणि पसाभर धान्य देऊन तिच्याकडून ‘विकत’ घ्यायचं. म्हणजे पोर आमचं नव्हेच, आणि असलं तरी नेण्याच्या लायकीचं नाही. ते नाव पोरासाठी नसायचंच. दबा धरून बसलेल्या मरणाने ऐकावं म्हणून ते मोठ्याने घ्यायचं. बारशाला गोविंद-गोपाळ ठेवणाऱ्या आईपेक्षा धोंडू म्हणून हाक मारणाऱ्या आईचा जीव कांकणभर जास्तच टांगणीला लागलेला असे.

नावं पुढे आपापल्या वाटेने गेली. पुण्यात दगडूशेठच्या गणपतीपुढे रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या मनात दगड येत नाही. धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले, 1958 साली भारतरत्न झाले आणि 104 वर्षं जगून 1962 साली गेले. धोंडो नावाने याहून अधिक काय करायचं?

याच कुळातला नथू मात्र जरा निरखून पाहावा. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाक टोचून नथ घालत, मुलगी वाटावी म्हणून. या युक्तीत एक हिशेब गृहीत धरलेला आहे: मुलीला कोण नेतंय? नजर लागते ती मोलाच्या वस्तूला. मुलग्याला वाचवणारी नथ मुलीची किंमत आधीच सांगून मोकळी झाली होती.

म्हणूनच नकुसा हे नाव धोंडूच्या पंगतीला बसवता येत नाही. दिसायला दोन्ही सारखीच, बाळाला हलकं लेखणारी. पण धोंडू म्हणताना आईबापांच्या मनात उलटं असे आणि नकुसा म्हणताना सुलटं. तिसऱ्या-चौथ्या मुलीला हे नाव द्यायचं ते देवाला कळावं म्हणून, की आता पुरे, पुढचा मुलगा दे. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींची ही नावं सरकारी समारंभात बदलली गेली. नवीन नावं मुलींनीच निवडली होती. कुणी देवीचं निवडलं, कुणी थेट ऐश्वर्या. नटूनथटून आलेल्या या पोरींच्या हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र देण्यात आलं. समारंभ चांगलाच होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. कागदावरचं नाव बदलल्याने शाळेतली हजेरी तरी सुसह्य होते.

पण धोंडू घालवायला समारंभ लागला नव्हता. देवीची लस आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, पोरं जगू लागली आणि धोंडू, कचरू आपोआप मागे पडले. भीती ओसरली तशी तिच्या पोटी आलेली नावंही ओसरली. नकुसाच्या मागे मात्र मुलग्याची हाव आहे, आणि त्या हावेला मधल्या काळात सोनोग्राफीचं यंत्र मिळालं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला होता, 1988 साली. केंद्राचा आला 1994 मध्ये. कायदा आधी इथे लागला, कारण गरज आधी इथे दिसली.

तेव्हा उद्या एखाद्या गावच्या शाळेच्या पटावर एकही नकुसा सापडली नाही, तर गुरुजींचं अभिनंदन करण्याआधी त्याच पटावरच्या मुली आणि मुलगे मोजावेत. नकोशी मुलगी पूर्वी निदान जन्माला यायची, म्हणून तिला नाव तरी ठेवावं लागायचं.