अर्जातील सत्य

महाविद्यालयाचे शुल्क भरण्यासाठी साहाय्य मागणे यात हीनपणा आहे काय? अनेक स्वाभिमानी पालकांना तसे वाटते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाची पायरी चढण्यापेक्षा ते सावकाराच्या दारी जातात, नाहीतर मुलीला घरी बसवतात. त्यांच्या स्वाभिमानाविषयी आम्हांला आदर आहे. परंतु त्याची किंमत ती मुलगी मोजते, हे विसरून कसे चालेल?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृह उभारले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. शिक्षणाचा भार एकट्या कुटुंबाचा नसून समाजाचाही आहे, हा विचार त्यातून येथे रुजला. आज शाहू महाराजांच्याच नावे असलेल्या शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. या मर्यादेत बसणारा पात्र विद्यार्थी अर्ज करतो, तेव्हा तो भीक मागत नाही. समाजाने दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो.

मग लाज कशाची वाटावी? आमच्या मते, खोट्या आकड्याची. धंद्याची मिळकत लपवून मर्यादेत बसणारा ‘सगळेच असे करतात’ म्हणतो. त्यात केवळ सरकार फसत नाही. अशा दाखल्यांमुळे खऱ्या गरजूचा अर्जही संशयाने पाहिला जातो. गरिबाचे उरलेसुरले धन, म्हणजे त्याचा शब्द, तेही चोरीस जाते.

त्या अर्जावर पालक सही करतात, तेव्हा मूल शेजारीच उभे असते. महाविद्यालयाचा पहिला धडा ते तेथेच शिकते.