वरीलप्रमाणे

बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला नक्कल करण्यात पाप वाटणं शक्यच नाही. पहिल्या ओळीत काय ते नीट लिहायचं आणि खाली 'वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे' करत पान भरायचं, यावर तर आमचं पोट. म्हणून पुतण्याने संगणकावर हीच युक्ती करून दाखवली तेव्हा, बी. कॉम. अगदीच वाया गेलं नाही, असं मला वाटलं.

निमित्त होतं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पंच्याहत्तरीचं. दादरला हॉल घेतला होता आणि तिथे दाखवायला पुतण्या घरच्या जुन्या चित्रफिती जोडत होता. पहिला तुकडा माझ्या मुंजीचा, १९९१ सालचा. त्यात वाजंत्रीवाल्यांनी असा काही कहर केला होता, की पुतण्याने आवाज सरळ शून्यावर नेला. मग चित्राला सोनेरी झाक दिली.

"आता बघ काका!" म्हणत त्याने तो तुकडा कॉपी केला, पुढचे चाळीस तुकडे निवडले आणि कंट्रोल, ऑल्ट, व्ही दाबलं. 'पेस्ट ॲट्रिब्यूट्स' नावाची खिडकी उघडली. ती न वाचता त्याने 'ओके' केलं. चाळीसच्या चाळीस तुकडे सोनेरी! भांडकुदळ आत्यासुद्धा सोन्याची दिसू लागली.

मी ज्ञान पाजळलं, "मूकपटांच्या काळात रात्र दाखवायला फिल्म निळ्या रंगात बुडवत. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आपल्या गिरगावात कोरोनेशनला लागला, त्या जमान्यातली गोष्ट. पण कुठला तुकडा बुडवायचा, हे आधी कुणीतरी बघायचं." पुतण्या 'हं' म्हणाला. त्या 'हं'चा अर्थ घरोघरचे काका जाणतात.

हॉलमध्ये चित्रपट सुरू झाला. मातृभोजन आलं. आई आणि मी एका ताटात जेवतोय. आईचे ओठ हलले, पण आवाज नाही.

"अरे, तिचा आवाज कुठाय?" अण्णांनी विचारलं.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे तेवढ्या एकाच तुकड्यात आहे. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्या खिडकीत प्रत्येक गुणापुढे एक छोटी चौकट असते. जो गुण चिकटवायचा नसेल, त्याच्यापुढची खूण काढायची. आवाजापुढची खूण तशीच राहिली होती. "काका, मूळ फीत शाबूत असते. आपण फक्त वर सूचना लावतो," म्हणत त्याने लॅपटॉपवर खटपट केली आणि पाच मिनिटांत आई बोलली, "सावकाश खा रे, ठसका लागेल." अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले.

रात्री मला झोप येईना. आवाज बंद करण्यात काय चूक होती? काहीच नाही. वाजंत्रीपुरतं ते बरोबरच होतं.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा अण्णा परळच्या एका गिरणीत हिशेबनीस होते. त्या गोंगाटात, इकडचं बोललं तरी मार आणि तिकडचं बोललं तरी मार, म्हणून अण्णांनी आपला आवाज शून्यावर नेला. नोकरी राहिली नाही, पण माणूस तगला. पुढे "चार लोकांत तोंड उघडू नये" ही सूचना त्यांनी मला चिकटवली. साहेबाच्या चुका बेरजेत पकडूनही मी आयुष्यभर गप्प राहिलो. आणि गेल्याच महिन्यात, "बाई फळ्यावर गणित चुकल्या," असं मुलगी सांगू लागली, तर मी काय म्हणालो? "जाऊ दे, गप्प बस." तिच्या वर्गात कुठली आली वाजंत्री?

नक्कल करणं हे पाप नव्हे. बापाचं शहाणपण मुलाने घ्यायचं नाही, तर कुणाचं घ्यायचं? पण ते शहाणपण कुठल्या गोंगाटातून आलं, हे बघायला हवं. संगणक निदान खिडकी उघडून विचारतो तरी. आईबाप प्रेमापोटी थेट 'ओके' दाबतात.

सकाळी उठल्या उठल्या मुलीला म्हटलं, "जा, बाईंना ते गणित सांग."

"बाबा, मी तेव्हाच सांगितलं होतं," ती दप्तर भरत म्हणाली.

म्हणजे चौकटीतली खूण तिची तिनेच काढली होती. कुणावर गेलीय कोण जाणे! वरीलप्रमाणे तर नक्कीच नाही.