मांडीवरची वही

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनालिया’ नावाचा हौशी अंक काढला. टंकलिखित मजकूर, चक्रमुद्रित पानं. मालिकेत स्पॉक साकारणाऱ्या लेनर्ड निमॉयचं पत्रही त्यात होतं. भाग पुन्हा पाहायची सोय तेव्हा घरोघरी नव्हती. जे पाहता पाहता टिपलं, तेच मुख्यतः संपादकाच्या हाती. केवढं एकाग्र पाहणं असेल ते!

अशा हौशी, हस्तलिखित अंकांची रीत मराठी शाळांना, मंडळांना नवी नाही. राजकवी तांब्यांच्या या ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या मराठी घरांत, आज मुलं मोबाइलवर कोरियन मालिका पाहतात. त्यांनी त्या मालिकांवर आठ पानांचा मराठी अंक काढावा, असं मला मनापासून वाटतं. पाहताना वही मांडीवर असावी. ताट कसं वाढलं, थोरल्यांपुढे कोण किती वाकलं, रागावलेली आई काय बोलली, हे सगळं लिहून घ्यावं. पटलं नाही तेही लिहावं. आणि एक पान आजीकडून मागून घ्यावं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ तिनंही पाहिली असेल.